उजव्या हाताची बोटं, 15 टक्के आणि ट्रंकेतलं पत्र

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. धागा आप्पांचा आहे, टाइप मी करतेय. आप्पांना मोबाइलवर टाइप करणं जमत नाही, आणि ते का जमत नाही हाच प्रश्न आहे.

आप्पा 1997 ला भरती झाले, 2021 ला हवालदार म्हणून पेन्शन आले. 2014 मध्ये सरावाच्या वेळी दारूगोळ्याच्या पेट्या उतरवताना तीन टनी गाडीचा फाळका निसटला आणि उजव्या हातावर आला. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींचं शेवटचं पेर गेलं. अनामिका वाचली, पण वळत नाही. एमएचमध्ये (मिलिटरी हॉस्पिटलात) दोन ऑपरेशनं झाली, लो मेडिकल कॅटेगरी (खालचा वैद्यकीय दर्जा) लागली आणि त्याच कॅटेगरीत उरलेली सात वर्षं काढली.

निवृत्तीच्या मेडिकल बोर्डाने लिहिलं: दुखापत सेवेमुळेच, अपंगत्व 15 टक्के, कायमचं. मग रेकॉर्ड ऑफिसचं (जवानांची कागदपत्रं सांभाळणाऱ्या कार्यालयाचं) पत्र आलं. 20 टक्क्यांपेक्षा कमी असल्याने डिसॅबिलिटी एलिमेंट (पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग) देता येत नाही, मान्य नसेल तर सहा महिन्यांत अपील करा. आप्पांनी घडी घालून ते ट्रंकेत टाकलं. मला मागच्या आठवड्यात घोंगड्या उन्हात घालताना सापडलं.

विचारलं तर म्हणाले, "15 म्हंजी 15. डॉक्टरनं लिवलंय." याच माणसाने गेल्या दिवाळीनंतर दोन्ही म्हशी विकल्या, कारण धार काढता येत नाही आणि आईच्या गुडघ्यांना बसवत नाही.

आता काही करता येईल का?

बारामतीचा_बंड्या
अहो ताई, 15 चे आपोआप 50 होतात! राउंडिंग म्हणतात त्याला. आमच्या गावातल्या एकाचे झाले. सरळ बँकेत जाऊन विचारा.

जुना_कारकून
बंड्याभाऊ, बँकेत जाऊन काय होणार? बँक पैसे वाटते, ठरवत नाही. आणि आता तर बहुतेकांची पेन्शन स्पर्शवर, म्हणजे संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन व्यवस्थेवर, गेली आहे.

ताई, मी रेकॉर्ड ऑफिसात हेड क्लार्क होतो, सुभेदार म्हणून बाहेर पडलो. अशी पत्रं स्वतः टाइप केली आहेत, त्यामुळे थोडा दोषी मीही.

31 जानेवारी 2001 च्या संरक्षण मंत्रालयाच्या पत्रात ब्रॉड बँडिंग, म्हणजे हेच राउंडिंग, आलं. 50 पेक्षा कमी असेल तर 50 धरायचे, 50 ते 75 असेल तर 75, त्यावर 100. आधी ते फक्त मेडिकली बोर्ड-आउट झालेल्यांना, म्हणजे अपंगत्वामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांना, मिळायचं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये राम अवतार प्रकरणात ते पूर्ण सेवा करून निघालेल्यांनाही लागू केलं. पण हे जिना चढल्यावरचं. पहिली पायरी 20 टक्क्यांची. तुमचे आप्पा पायरीच्या खाली उभे आहेत.

पैशात सांगतो. 100 टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या 30 टक्के डिसॅबिलिटी एलिमेंट. पगार हिशेबाला 50,000 धरा, म्हणजे 15,000. 20 चे 50 झाले की 7,500, वर महागाई. 15 ला किती? शून्य. पाच टक्क्यांना महिन्याला साडेसात हजार.

अ‍ॅड_कोरेगावकर
कारकूनसाहेबांशी सहमत. बंड्या यांच्यासाठी: डिसेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विंग कमांडर एस. पी. राठोड प्रकरणात हे स्पष्टच सांगितलं आहे. पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्याचं अपंगत्व 20 टक्क्यांखाली असेल, तर एलिमेंटच नाही, मग राउंडिंग कशाचं करणार? गावातला माणूस बहुधा बोर्ड-आउट झालेला असावा. 2014 च्या सुखविंदर सिंग निकालाप्रमाणे ज्याला अपंगत्वापायी सेवेतून काढलं, त्याचं अपंगत्व 20 च्या वरच मानायचं. लष्कराने तुम्हाला निकामी म्हणून घरी पाठवायचं आणि वर 15 टक्केच म्हणायचं, हे दोन्ही चालणार नाही, असा तर्क. आप्पांना तो लागत नाही, त्यांनी मुदत पूर्ण केली.

म्हणजे कायद्याने 15 चे 50 होणार नाहीत. 15 हा आकडा चुकलाय का, एवढाच प्रश्न उरतो.

कृष्णाकाठची
चुकला असेल तर ते कोण ठरवणार? आप्पांकडे बोर्डाचे कागदच नाहीत. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि ते पत्र, इतकंच.

कोयनेचं_पाणी
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. माझाही भाऊ फौजेत आहे. पेन्शन मिळते, ईसीएचएस (माजी सैनिकांची उपचार योजना) आहे, कँटीन आहे. दोन पेरांसाठी सरकारशी भांडायचं? पाय गेलेले, डोळे गेलेले लोक आहेत.

कृष्णाकाठची
दादा, आप्पाही अगदी हेच म्हणतात. म्हणूनच पत्र चार वर्षं ट्रंकेत होतं.

मूठभर
मी हॅंड थेरपिस्ट आहे, पुण्यात. "दोन पेरांसाठी" हे वाचलं आणि राहवलं नाही.

कृष्णाकाठची, तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये कळीचं वाक्य पेरांचं नाही, "अनामिका वाचली, पण वळत नाही" हे आहे. मूठ आवळायचा जोर तर्जनीतून येतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात अनामिका आणि करंगळीकडून खूप मोठा वाटा येतो. कुदळ, कासरा, बादलीची कडी, म्हशीचा सड, सगळं त्या बाजूने धरलं जातं. तर्जनी आणि अंगठा चिमटीसाठी.

दुसरं म्हणजे मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांना टोकापर्यंत वळवणाऱ्या दोऱ्या कोपर आणि मनगटाच्या मधल्या भागात एकाच स्नायूतून निघतात. एक दोरी व्रणात चिकटली की बाकीच्याही पुऱ्या खेचल्या जात नाहीत. चार घोड्यांच्या रथावरून आमच्याकडे त्याला क्वाड्रिगा म्हणतात. म्हणजे धडधाकट दिसणारी करंगळीही तळव्याला टेकत नसेल. टेकते का बघा बरं.

कापलेलं बोट फोटोत दिसतं, न वळणारं दिसत नाही. कागदावर बहुतेक वेळा फोटोत दिसणारंच येतं.

कृष्णाकाठची
आत्ता बघितलं. मूठ वळायला सांगितली. अनामिका तळव्यापासून चांगली तीन बोटं वर राहते, करंगळीही टेकत नाही. आप्पा म्हणाले, "ती कवाधरनंच तशी हाय." आणि थंडीत उरलेल्या टोकांत विजेचा झटका बसल्यासारखं होतं म्हणे. अकरा वर्षांत पहिल्यांदा सांगितलं.

भोसरी_प्रेसशॉप
आम्ही फौजी नाही, पण बोटांचा हिशेब आमच्याइतका कुणाला पाठ नसेल. पॉवर प्रेसवर काम केलंय. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या 1923 च्या कायद्याला जोडलेला तक्ता आहे: अख्खी तर्जनी 14 टक्के, तिचं एक पेर 9. अख्खं मधलं बोट 12, एक पेर 7. अंगठा 30. युनियनच्या ऑफिसात भिंतीवर चिकटवला होता.

तुमच्या आप्पांची दोन पेरं, 9 आणि 7. सोळा. बोर्डाने 15 दिलेत. मला तर वाटतं कुणीतरी फक्त गेलेली हाडं मोजलीत.

जुना_कारकून
भोसरीकर, फौजेचा तक्ता वेगळा, वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तिका आहे, आणि अनेक दुखापती असल्या तर सरळ बेरीज करत नाहीत, एकत्रित आकडा काढतात. कामगार कायद्याचा तक्ता अपिलाला जोडू नका, उगाच हसं होईल. पण तुमचा संशय मला पटतो.

ताई, आता कागद मागवा. आप्पांच्या सहीने रेकॉर्डला अर्ज, नंबर-रँक-नाव ठळक. एएफएमएसएफ-16 म्हणजे निवृत्तीच्या बोर्डाची पूर्ण कार्यवाही, नुसता शेवटचा आकडा नव्हे. आयएएफवाय-2006, म्हणजे 2014 चा इंजुरी रिपोर्ट. चौकशी झाली असेल तर कोर्ट ऑफ एन्क्वायरीची प्रत. एमएचच्या दोन्ही डिस्चार्ज स्लिपा, आणि मधल्या काळात कॅटेगरीसाठी जी बोर्डं बसली ती सगळी, एएफएमएसएफ-15. महिन्यात उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात मागा. स्पीड पोस्टची पावती जपून ठेवा, फोटोही काढा. पावतीवरची शाई वर्षात उडते.

टेक्सासचा_माने
इथे अमेरिकेत व्हीएच्या (माजी सैनिकांच्या सरकारी खात्याच्या) रुग्णालयात नर्स आहे, रोज हेच बघतो. इथे उजवा-डावा हा फरक नियमातच आहे. तर्जनी तळव्याच्या हाडासकट गेली तर कामाच्या हाताला 30 टक्के, दुसऱ्याला 20. हलवताना दुखणारा सांधा असेल तर किमान 10 टक्के देण्याची तरतूद आहे, आणि 10 पासूनच पैसे सुरू होतात, 20 ची पायरी नाही. 2019 पासून अपिलाच्या तीन वाटा केल्यात: नवा पुरावा घेऊन या, किंवा त्याच कागदांवर वरिष्ठाकडून फेरतपासणी, किंवा बोर्डाकडे. निकालापासून वर्षभराची मुदत.

पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी. तपासणीला म्हातारे सैनिक येतात, डॉक्टर विचारतो कसं काय, आणि हे म्हणतात, "फाइन, सर." बायको बाजूला बसून डोळे वटारत असते.

जुना_कारकून
माने, शंभर टक्के. निवृत्तीच्या बोर्डाला जवान कसा जातो माहीत आहे का? सामान बांधलेलं असतं, गाडीचं तिकीट खिशात. काही तक्रार आहे का? नाही साहेब. त्याला वाटतं तक्रार सांगितली तर आणखी महिनाभर एमएचमध्ये ठेवतील. सही करतो आणि निघतो.

कृष्णाकाठची
आप्पांना वाचून दाखवलं. गप्प बसले. मग म्हणाले, "तिकीट झेलमचं होतं."

फलटणची_सून
माझा दीर सुट्टीवर असताना मोटरसायकलवरून पडला, मनगट मोडलं. त्यालाही मिळेल का? रजेवर असलं तरी ड्यूटीवरच धरतात असं ऐकलंय.

अ‍ॅड_कोरेगावकर
रजा ड्यूटीत मोजतात एवढ्याने भागत नाही. दुखापतीचा आणि सैनिकी सेवेचा संबंध दाखवावा लागतो. 2015 च्या विजय कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने रजेवरच्या घरगुती अपघाताला नकार दिला आहे. दिराचं वेगळं विचारा, इथे गाडी रुळावर राहू द्या.

सिव्हिल_हॉस्पिटल_वारी
कशाला एवढं? जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र काढा. 40 टक्के आलं की ते अपिलाला जोडा. 40 मोठं की 15?

अ‍ॅड_कोरेगावकर
दोन वेगळ्या फुटपट्ट्या आहेत. ते प्रमाणपत्र 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचं, त्यातले 40 टक्के आरक्षण आणि सवलतींसाठी. सैनिकी बोर्डाच्या मताला न्यायालयं मोठं वजन देतात. सिव्हिलच्या दाखल्याने ते थेट खोडता येत नाही. प्रमाणपत्र अवश्य काढा, त्याचे स्वतःचे फायदे आहेत. पण अपिलात मागणी करायची ती फेर मेडिकल बोर्डाची. त्याच 2001 च्या पत्रात आहे की बोर्डाचा टक्का कायमचा धरायचा, पण सैनिकाने स्वतः फेरविचार मागितला तर गोष्ट वेगळी.

क्रम असा. पहिलं अपील, मग नामंजुरीपासून सहा महिन्यांत दुसरं अपील, मग सशस्त्र सेना न्यायाधिकरण. महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यासाठी त्याचं खंडपीठ मुंबईला आहे. आधीच्या पायऱ्या न चढता थेट तिथे गेलं तर पहिला प्रश्न तोच विचारतात.

उशिराबद्दल: का झाला ते खरं लिहा. पेन्शनचा अन्याय दर महिन्याला नव्याने होतो असं 2008 च्या तरसेम सिंग निकालात मानलं आहे, त्यामुळे दार बंद होत नाही. पण थकबाकी साधारणपणे दाव्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. ट्रंकेतल्या पत्राची ही किंमत.

आणखी एक. 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम आलेत, आणि सेवा पूर्ण करून निघणाऱ्यांसाठी इम्पेअरमेंट रिलीफ असं नावही आलंय. त्यानंतर निवृत्त झालेल्यांनी हा धागा वाचून आप्पांचा अर्ज तसाच उतरवू नये.

कोयनेचं_पाणी
मघाशी जरा जास्त बोललो. भावाला फोन केला, त्याच्या कंपनीत एकाचं असंच 14 टक्क्यांवर अडकलंय. अर्ज लिहायला वकील लागतो का?

जुना_कारकून
पहिल्या अपिलाला नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत मिळते, आणि 2025 पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या वीर परिवार सहायता योजनेखाली सैनिक मंडळांत कायदेशीर मदतीची केंद्रंही सुरू झाली आहेत.

अपिलात दोन पानं देशसेवा लिहू नका. 24 वर्षं, बर्फ, वाळवंट, भारतमाता. वाचणाऱ्याने तेवढीच नोकरी केलेली असते. काय राहिलं ते लिहा. "बोर्डाने अमुक नोंदलं नाही, तमुक तारखेच्या एमएचच्या कागदात ते आहे, प्रत जोडली आहे." एक पान पुरतं.

कृष्णाकाठची
(सात आठवड्यांनी)
कागद आले! 43 पानं, काही वाचताच येत नाहीत.

बोर्डाच्या कार्यवाहीत अपंगत्वाच्या रकान्यात एकच ओळ आहे: उजवी तर्जनी आणि मधलं बोट, शेवटचं पेर गेलेलं. अनामिकेचा उल्लेखच नाही. हालचाल किती अंशांची, पकड किती, काही नाही. "कामात अडचण" समोर "नाही".

आणि 2014 ची दुसरी डिस्चार्ज स्लिप: अनामिकेची कंडरा तुटलेली, शिवली, पुढे ताठरपणा राहण्याची शक्यता, फिजिओथेरपी सुरू ठेवावी. 2016 च्या कॅटेगरी बोर्डातही ताठरपणा लिहिलाय. 2021 ला तो गायब.

भोसरी_प्रेसशॉप
म्हटलं होतं ना, हाडं मोजलीत.

मूठभर
ताई, ही स्लिप सोन्याच्या मोलाची. आता आजची स्थिती मोजून घ्या. ईसीएचएसकडून रेफर होऊन ऑर्थोपेडिक किंवा हात-शल्यचिकित्सकाकडे जा. प्रत्येक सांध्याची हालचाल गोनिओमीटरने, अंशांत. पकड डायनॅमोमीटरने, दोन्ही हातांची, तीन-तीनदा. बोटाचं टोक तळव्यापासून किती सेंटीमीटर राहतं ते. झटके येतात म्हणून नसांची तपासणीही. मूठ वळलेली आणि हात उघडलेला, बाजूला पट्टी ठेवून फोटो.

जुना_कारकून
आणि तो सिव्हिल अहवाल "पुरावा" म्हणून नाही, "फेर बोर्ड का हवं" याचं कारण म्हणून जोडा. वकीलसाहेब बरोबर ना?

अ‍ॅड_कोरेगावकर
अगदी बरोबर. दुखापत सेवेमुळे झाली हे त्यांनी मान्य केलंच आहे, त्या वादात शिरूच नका. लोक सवयीने त्यावर तीन परिच्छेद लिहितात. मुद्दा एकच: नोंदलेली इजा अपुरी, म्हणून आकडा अपुरा.

कृष्णाकाठची
उजव्या हाताची पकड 14 किलो, डाव्याची 38. आप्पा उजवे आहेत. ते यंत्र बघून आप्पांना डॉक्टरपेक्षा जास्त धक्का बसला. घरी येऊन आईला म्हणाले, "डाव्याच्या निम्मी बी न्हाई गं." आई म्हणाली, "मला काय यंत्र लागतंय व्हय? शर्टाची बटनं कोण लावतंय रोज?"

अर्ज एका पानाचा केला. उशिराच्या कारणात मी "अज्ञान" लिहिलं होतं, आप्पांनी खोडायला लावलं. म्हणाले लिही, डॉक्टरचा शब्द शेवटचा असतो असं वाटलं.

बारामतीचा_बंड्या
ताई, चौकशी केली. गावातला माणूस बोर्ड-आउटच होता. माफी.

कृष्णाकाठची
(पाच महिन्यांनी)
उशीर माफ झाला, फेर मेडिकल बोर्डाचं बोलावणं आलं आणि ते झालंही. म्हणून वर आणतेय.

आदल्या रात्री आप्पांची उजळणी घेतली. कसं आहे विचारलं की "ठीक आहे साहेब" म्हणायचं नाही. काय येत नाही ते सांगायचं. धार, बटण, कुदळ, थंडीतले झटके. आप्पा हो हो म्हणाले. सकाळी जुना ब्लेझर काढला, दाढी गुळगुळीत, बूट चकचकीत. मला पोटात गोळाच आला, हा माणूस आत जाऊन सॅल्यूट ठोकणार आणि "फिट साहेब" म्हणणार.

मला आत सोडलं नाही. पंचवीस मिनिटांनी बाहेर आले. काय विचारलं म्हटलं.

"कसं हाय म्हणाले."

मग?

"ठीक हाय साहेब म्हणालो."

मी कपाळावर हात मारला. पण आतल्या मेजर बाई हुशार निघाल्या. त्यांनी ती 2014 ची स्लिप पुढे ओढली, अनामिका स्वतः वळवून बघितली, माप घेतलं. मग म्हणाल्या, हवालदारसाहेब, ब्लेझर काढा आणि शर्टाचं वरचं बटण काढून परत लावा, फक्त उजव्या हाताने. आप्पा लावत राहिले. बाई घड्याळाकडे बघत होत्या.

"लागलं का?" मी विचारलं.

"लागलं की. येळ लागला. किती ते त्यांनी लिवून घेतलं."

मूठभर
त्या बाईंना माझा सॅल्यूट.

जुना_कारकून
निकाल रेकॉर्डमार्फतच येईल, पत्ता आणि मोबाइल स्पर्शवर बरोबर आहे ना तपासा. नामंजूर आलं तर पत्राच्या तारखेपासून सहा महिने मोजा, तुम्हाला मिळालेल्या तारखेपासून नव्हे. आणि यावेळी ट्रंक नको.

कृष्णाकाठची
ट्रंकेला मी कुलूप लावलंय, किल्ली माझ्याकडे. पत्र आलं की इथेच लिहीन.